गाडी पहाटेच का अडते?



नाशिककडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी डिझेलचा छोटा टेम्पो आहे. पती पहाटे चार वाजता भाजीपाला भरून मार्केट यार्डात पोचवतात, त्यावरच घर चालते. थंडी सुरू झाली की टेम्पो पहाटे चालू होत नाही. सेल्फ मारून मारून दहा-पंधरा मिनिटे जातात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो, मग कसाबसा तो चालू होतो, आणि त्यानंतर दिवसभर एका सेल्फला उचलतो. गेल्या हिवाळ्यात मिस्त्रीने बॅटरी बदलायला लावली. ती हप्त्याने घेतली. तरी तेच. आता तोच मिस्त्री म्हणतो की सेल्फ मोटर उघडावी लागेल. दोनदा उशीर झाला म्हणून एका व्यापाऱ्याने आपले भाडे दुसऱ्याला देऊन टाकले. शेजारचे लोक सांगतात, नजर लागली आहे, पुढे लिंबू-मिरची बांधा. ताई विचारतात, आम्ही आता काय करावे?

लिंबाचे आधी सांगतो, कारण ते लवकर संपते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराच्या गाडीवर लिंबू-मिरची टांगलेली दिसली की वाईट वाटते. पण त्याहून वाईट हे की, लिंबू बांधले की माणूस कारण शोधायचे थांबतो. तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही. दुःखाला कारण आहे, कारण गेले की दुःख जाते, हे सांगितले. टेम्पोच्या बाबतीतही असेच चालायचे. आणि खरे सांगायचे तर, न तपासता बॅटरी बदलायला लावणारा मिस्त्री आणि लिंबू बांधायला सांगणारा शेजारी यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. फरक एवढाच की लिंबू स्वस्त पडते.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडची थंडी गाडी बिघडवण्याइतकी कडक नसते. निफाडला पारा कधीकधी ५ अंशांच्या खाली जातो, नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात तो ३.५ अंशांवर उतरला होता. पण निरोगी इंजिनाला हे काहीच नाही. लडाखमध्ये डिझेलच गोठते, म्हणून तिथे २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास डिझेल मिळू लागले. फौजेत असलेल्या आपल्या बांधवांना हे ठाऊक असेल. आपल्या गावात मात्र गाडी थंडीत अडली, तर थंडीने रोग निर्माण केला असे समजू नका. रोग आधीपासून होता. दिवसा तो झाकून राहतो, पहाटे उघडा पडतो.

थंडी इंजिनाला तीन ठिकाणी गाठते. ऑइल घट्ट होते, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंद होते, म्हणजे जोर जास्त हवा तेव्हाच तो कमी मिळतो. तिसरी गोष्ट पेटण्याची. पेट्रोलची वाफ कमी होते, आणि वाफ झाल्याशिवाय पेट्रोल नीट पेटत नाही. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. पण सिलिंडरचे लोखंड गार असले तर ती उष्णता ते शोषून घेते. या तिन्हींपैकी आपली गाडी कुठे अडते, हे शोधायला गॅरेजची गरज नाही. दोन माणसे पुरतात. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने ऐकायचे आणि मागे सायलेन्सरकडे पाहायचे. हे दुसरे माणूस घरातली दहावीतली मुलगीही असू शकते. बहुधा तीच जास्त नीट पाहील.

पहिला प्रश्न, सेल्फ कसा फिरतो? नेहमीसारखा जोमाने फिरत असेल, तर बॅटरीचा आणि सेल्फ मोटरचा दोष नाही. त्यांचे काम फक्त इंजिन फिरवण्याचे आहे आणि ते काम होत आहे. ताईंच्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे की सेल्फ “जोरात” फिरतो. म्हणजे बॅटरीचे पैसे विनाकारण गेले, आणि सेल्फ मोटर उघडली तर तेही पैसे तसेच जातील.

दुसरा प्रश्न, सेल्फ फिरत असताना धूर येतो का आणि कोणता? डिझेल गाडीत ही सर्वांत मोठी खूण. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळे झोंबवणारा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. तो धूर म्हणजे न जळलेले डिझेलच. ताईंच्या टेम्पोत डिझेल आहे, फिरणे आहे, कमी आहे ती उष्णता.

ही उष्णता द्यायला जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हीटर प्लग असतात, सहसा प्रत्येक सिलिंडरला एक. चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारख्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, तोच हीटरचा. तो विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल्फ मारायचा. घाईत बरेच ड्रायव्हर थांबतच नाहीत. काही गाड्यांत दिव्याचा बल्बच गेलेला असतो, तिथे मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत. एवढे करूनही फरक पडत नसेल, तर प्लग तपासावेत.

तपासणी सोपी आहे. १२ व्होल्टचा एक बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन वायरी जोडा. इंजिन गार असताना हीटर प्लगच्या डोक्यांना जोडणारी पट्टी किंवा वायर सोडवा. बल्बची एक वायर बॅटरीच्या अधिक टोकाला लावा, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला टेकवा. बल्ब लागला तर आतली तार शाबूत आहे. लागला नाही तर तो प्लग मेला. चारपैकी एक मेला असेल तर इंजिन कुरकुरत चालू होते, दोन-तीन मेले असतील तर ताईंच्या टेम्पोसारखी गत होते. सगळे प्लग चांगले निघाले, तर पट्टीपर्यंत करंट येतो का ते पाहा. बल्बची एक वायर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला धरा, दुसरी पट्टीला टेकवा, आणि कोणाला तरी चावी हीटरच्या जागी फिरवायला सांगा. बल्ब लागला नाही तर फ्यूज किंवा रिले गेला आहे. उघडी वायर गाडीच्या पत्र्याला लागू देऊ नका, एवढी काळजी घ्या.

नव्या बॅटरीच्या मानाने हीटर प्लग फार स्वस्त असतो. ताई, आधी हेच करून पाहा. प्लग आणि रिले दोन्ही ठीक निघाले आणि धूर तसाच पांढरा राहिला, तर मग कॉम्प्रेशन मोजून घ्या. रिंगा झिजल्या असतील तर हवा पुरेशी दाबली जात नाही. पण ते खर्चाचे काम आहे. मिस्त्रीने मीटर लावून आकडा दाखवल्याशिवाय इंजिन उघडायला होकार देऊ नका.

ज्यांच्या गाडीतून धूरच येत नाही त्यांच्यासाठी वेगळे. रात्रभर उभी राहिल्यावर गाडीने एअर घेतली असण्याचा संभव मोठा. डिझेलच्या पाइपाला कुठे बारीक तडा असतो, क्लिप सैल असते, फिल्टरचा वॉशर कडक झालेला असतो. तिथून हवा आत शिरते आणि पाइपातले डिझेल रात्रीत टाकीकडे परत उतरते. संध्याकाळी डिझेल फिल्टरजवळचा हातपंप दाबून पाहा, सकाळी पुन्हा दाबा. संध्याकाळी कडक आणि सकाळी पोकळ लागला, तर निदान झाले. रबरी पाइप आणि क्लिपा बदलणे हे किरकोळ काम आहे. मात्र नव्या कॉमन रेल गाडीत इंजेक्टरचे पाइप स्वतः सैल करू नका. तिथला दाब इतका भयंकर असतो की डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

आणखी एक. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे, डिझेलच्या टाकीखाली शेकोटी करणे, फवारा मारून इंजिन भडकवणे, हे प्रकार करणारे ड्रायव्हर स्वतःला उस्ताद समजतात. हीटर प्लग तापलेला असताना आत तसला फवारा गेला तर स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. बोळ्याने तर गाडीसकट घर जाईल. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे, नाही तर चांगली मोटर जळेल आणि मिस्त्रीचे म्हणणे खरे ठरेल.

आता ज्यांचा सेल्फ रडत फिरतो किंवा नुसता ‘कट-कट’ करतो, त्यांनी बॅटरीकडे वळावे. तरीही बदलण्याआधी टोके पाहा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा साचला असेल तर करंट तिथेच अडतो. आधी उणे टोक सोडवा, मग अधिक. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टोके ब्रशने घासा, कोरडी करा, बसवताना आधी अधिक आणि शेवटी उणे, आणि वर थोडे व्हॅसलिन लावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या भोकांतून आत जाऊ देऊ नका. इंजिनाला येणारी जाड अर्थिंगची वायरही अशीच घासा, ती कोणी पाहत नाही. बॅटरीत पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खाऊन टाकतात. हे काम करताना बिडी-सिगारेट जवळ नको, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो.

मीटर असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली असेल तर ती रिकामी आहे. पण रिकामी म्हणजे खराब नव्हे. इंजिन चालू असताना तोच आकडा १४ च्या जवळ गेला पाहिजे. जात नसेल तर चार्जिंगमध्येच दोष आहे, आणि नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच बसेल. दोन हिवाळ्यांत दोन बॅटऱ्या घेणारी घरे मला ठाऊक आहेत. अल्टरनेटरचा बेल्ट सैल होता, एवढेच.

आपल्या बहुतेक घरांत टेम्पो नाही, मोटारसायकल आहे, आणि तीही १०० सीसीची, कार्बोरेटरवाली, कधी दुसऱ्या हाताने घेतलेली. तिच्यासाठी पहाटेची रीत अशी. चावी बंद ठेवून तीन-चार सावकाश किका मारा, म्हणजे घट्ट झालेले ऑइल मोकळे होते. मग चोक पूर्ण ओढा, एक्सलेटरला हात लावू नका आणि किक मारा. चोक हवा अडवतो, त्यामुळे पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि थोडी का होईना, पेटण्याजोगी वाफ मिळते. आपण एक्सलेटर पिळला की हा फायदा जातो. गाडी चालू झाली की मिनिटभरात चोक मागे घ्या. चोक ओढूनच कंपनीपर्यंत जाणारे लोक आहेत. त्यांचा प्लग काजळीने भरतो आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी दुप्पट त्रास देते.

सात-आठ किकांत चालू झाली नाही तर किक मारणे थांबवा. गुडघ्याचे वय गाडीहून जास्त असते. प्लग पाना घ्या आणि प्लग काढून नीट पाहा. प्लग ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे. तेव्हा चोक बंद करून, एक्सलेटर पूर्ण उघडून, चावी बंद ठेवून पाच-सहा किका मारा, प्लग कोरडा करून लावा. प्लग अगदी कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. कार्बोरेटरचा स्लो जेट तुंबला असेल किंवा वाटीत कचरा असेल. कोरडी काळी काजळी दिसली तर एअर फिल्टर तुंबला आहे किंवा चोक अडकून राहतो. काळे चिकट ऑइल दिसले तर रिंगांची किंवा वॉल्वच्या सीलांची वेळ झाली. एक प्लग एवढे सगळे सांगतो, फक्त काढून पाहावा लागतो. त्याचे अंतर पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ठिणगी तपासताना प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरतात, पण तो प्लगच्या भोकापासून दूर ठेवा. भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि ती पेटते.

टॅपेटकडे फार थोडे लोक लक्ष देतात. टॅपेट जास्त घट्ट असले तर वॉल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते, आणि गाडी गार असताना हटून बसते. आवाज येऊ नये म्हणून टॅपेट कसून घेण्याची अनेकांना हौस असते. थोडी टिकटिक चांगली. टॅपेटचे अंतर इंजिन गार असतानाच पाहतात. तापलेल्या गाडीचे टॅपेट लगेच लावून देणाऱ्या मिस्त्रीला हे आठवण करून द्यायला हरकत नाही.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ सालापर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल गारठ्यात पेट्रोलपेक्षा नाखुशीने वाफ होते आणि हवेतले पाणी ओढून घेते. रोज चालणाऱ्या गाडीला याचा फारसा जाच नाही. पण महिनाभर उभी राहिलेली जुनी गाडी, टाकी अर्धी रिकामी, वर पावसाळा, अशा गाडीत तळाशी पाणी जमते. कार्बोरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसला तर ते काढून टाका, टाकीसुद्धा. गाडी उभी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा चांगली तापेपर्यंत चालवा. नुसती चालू करून बंद केल्याने उलट त्रास वाढतो.

रिक्षावाल्या बांधवांना वेगळे सांगायला हवे. सीएनजी आधीच वायू असतो, त्याला वाफ व्हायची गरज नाही. म्हणून सीएनजी रिक्षा पहाटे अडली तर चोक आणि कार्बोरेटरच्या मागे लागू नका. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, म्हणून आधी प्लग, मग प्लगची वायर आणि तिची टोपी पाहा. रात्री अंधारात इंजिन चालू असताना या वायरीवर निळ्या ठिणग्या खेळताना दिसल्या तर वायर फुटली आहे. त्यानंतर टॅपेट, कारण गॅसवर वॉल्वच्या बैठका लवकर झिजतात.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मोटारसायकलींना बहुधा चोक नसतो, हवा-पेट्रोलचे प्रमाण संगणक ठरवतो. तिथे चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद थांबावे. टाकीतला पंप ‘घूं’ असा बारीक आवाज करतो, तो थांबला की सेल्फ मारावा. आवाजच आला नाही तर फ्यूज किंवा पंप. या गाड्यांना पंपासाठीही बॅटरी लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली तर धक्का देऊन उपयोग होत नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या गाड्या ऐन थंडीत, पहाटे निघतात. जीप भरलेली असते, मुलांच्या कानाला मफलर बांधलेले असतात आणि चार जण गाडी ढकलत असतात. निघायच्या आदल्या रविवारी पहाटे गाडी एकदा चालू करून पाहा. आदल्या संध्याकाळी नको, कारण तेव्हा ती गरम असते आणि दोष दाखवत नाही. ढकलायची वेळ आलीच तर मुलांना मागे लावू नका, आणि गाडी उतारावर असेल तर चाकाला लावलेला दगड शेवटी काढा.

इंजिन गरम करायला ते बंद शेडमध्ये किंवा घराच्या पडवीत दार लावून चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आत झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. गाडी बाहेर काढूनच चालू करा.

गाडीविषयी पत्र लिहिताना एवढे जरूर कळवावे : गाडी कोणत्या वर्षाची, पेट्रोल, डिझेल की गॅस, सेल्फ जोमाने फिरतो की रडत, धुराचा रंग, प्लग काढला असल्यास तो कसा दिसला, आणि गेल्या वर्षभरात काय काय बदलले. नाशिकच्या ताईंनी धुराचा रंग लिहिला नसता, तर हे उत्तर देता आले नसते. ताई, चारपैकी किती प्लग मेलेले निघाले ते कळवा.